सट्ट्याचे भाव छापू नयेत

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

लोकसभेच्या निकालाला आता जवळजवळ चार आठवडे झाले. नवे मंत्रिमंडळ कामाला लागले आहे, २६ जूनला लोकसभाध्यक्षांची निवडही आवाजी मतदानाने पार पडली, आणि त्यामुळे ४ जून ते ९ जून या दिवसांत साऱ्या देशाची जी घालमेल झाली ती बहुतेकांच्या विस्मरणात गेली असेल. माझ्या गेलेली नाही. त्या दिवसांत निवडणुकीवरच्या सट्ट्याने काय केले ते मी अगदी शेजारच्या दारात पाहिले, आणि त्या सट्ट्याला आपल्या दैनिकासारख्या जबाबदार वृत्तपत्रांनीही नकळत हातभार लावला आहे असे माझे मत झाले आहे. हे पत्र त्याबद्दल आहे. थोडे लांबले आहे. शक्य असल्यास पूर्ण छापावे ही विनंती.

एप्रिल आणि मे महिन्यांतली आपल्या अंकांची कात्रणे मी काढून ठेवली आहेत. त्यांत निदान सहा वेळा ‘सट्टाबाजाराचा कौल’ अशा मथळ्याखाली चौकट आलेली आहे. राजस्थानातल्या फलोदीत कोणत्या पक्षाला किती जागांचा भाव निघाला, मुंबईचे बुकी काय म्हणतात, नागपुरात कोणत्या उमेदवारावर जास्त पैसा लागला, असे त्यांत तपशिलाने दिलेले असते. त्याच पानावर खाली कोठे तरी जुगार अड्ड्यावर छापा पडून सात-आठ जणांना अटक झाल्याची बातमी असते. एकच व्यवहार वरच्या चौकटीत ‘कौल’ ठरतो आणि खालच्या बातमीत गुन्हा ठरतो, ही विसंगती आपल्या लक्षात आणून द्यावीशी वाटते.

मुळात हा कौल नव्हेच. ज्या आकड्याचा भाव कमी, तो येण्याची शक्यता बाजाराला जास्त वाटते, एवढे वाचकांना माहीत असते. भाव पंचवीस पैसे असेल तर जिंकणाऱ्याला रुपयामागे चार आणे सुटतात आणि भाव चार रुपये असेल तर रुपयाला चार रुपये. पण हा भाव बुकी मतदारांना विचारून काढत नाही. लगवाडी करणाऱ्यांचा, म्हणजे पैज लावणाऱ्यांचा, पैसा कोणत्या बाजूला पडतो आहे हे बघून तो भाव वर-खाली करतो, म्हणजे खायवाडीत, पैजा स्वीकारताना, त्याच्या स्वतःच्या अंगावर बोजा राहू नये. बोजा फार झाला तर तो वरच्या बुकीकडे उतारी करतो, म्हणजे काही पैजा पुढे ढकलतो. थोडक्यात, भाव सांगतो तो पैशाचा ओघ. त्यातही ज्यांच्याकडे मोठा पैसा आहे त्यांनी एका बाजूला तो ओतला की भाव फिरतो, आणि फिरलेला भाव वर्तमानपत्रात छापून आला की तो वाचून सामान्य माणूस म्हणतो, बाजाराला काही तरी माहीत असेल. या वेळी मतदानाचे टप्पे सरकत गेले तसे फलोदीचे आकडे बदलत गेले, पण भारतीय जनता पक्षाला एकट्याला बहुमत मिळणार हे मी वाचलेल्या जवळपास प्रत्येक बातमीत गृहीत धरलेले होते. प्रत्यक्षात त्या पक्षाला २४० जागा मिळाल्या. बहुमताला २७२ लागतात.

आता शेजारच्या दाराबद्दल. मी अकोल्यात राहतो. एकतीस वर्षे पतसंस्थेत नोकरी करून निवृत्त झालो. कर्जाचे अर्ज तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे माणूस पैसा कशासाठी मागतो आहे याचा अंदाज मला बरा येतो, तरीही आमच्या शेजारच्या मुलाच्या बाबतीत मला फार उशिरा कळले. त्याचे मोबाईल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. हात चांगला आहे. दुसऱ्या दुकानांनी परत पाठवलेले फोन तो चालू करून देतो. मेच्या अखेरीस माझा फोन घेऊन गेलो तेव्हा काउंटरवरचा मायक्रोस्कोप जागेवर नव्हता. सर्व्हिसिंगला दिला आहे असे तो म्हणाला. नंतर समजले की तो त्याने विकला होता, आणि आलेले पैसे एका ‘आयडी’त भरले होते. आयडी म्हणजे सट्ट्याच्या ॲपवरचे खाते. ते व्हॉट्सॲपवर मिळते, आणि ओळखीचा माणूस मध्ये असला की उधारीवरही मिळते. त्याने भाजपला तीनशेच्या वर जागा मिळतील यावर चाळीस हजार लावले होते. मी त्याला विचारले, एवढी खात्री कशावरून वाटली. त्याने फोनमध्ये जपून ठेवलेले एक छायाचित्र दाखवले. ती आपल्याच दैनिकातली चौकट होती.

४ जूनला सकाळी साडेदहापर्यंत त्याच्या लक्षात आले की पैसे गेले. माणूस इथे थांबला असता तर नुकसान चाळीस हजारांचेच राहिले असते. पण निकाल असा लागला होता की सट्ट्याला थांबण्याचे कारणच उरले नाही. एका पक्षाला बहुमत नाही, आघाडीला आहे, आणि त्या आघाडीतल्या दोन पक्षांवर सगळ्यांची नजर. राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या २९३ जागांमधून तेलुगू देसमच्या १६ आणि संयुक्त जनता दलाच्या १२ वजा केल्या की २६५ उरतात. दुपारपासून वाहिन्यांवर हीच वजाबाकी चालू होती आणि संध्याकाळपर्यंत तिचे भाव निघाले. नीतीश कुमार बाजू बदलतील का, चंद्राबाबू काय मागतील, शपथविधी कोणत्या तारखेला होईल, या सगळ्याचे. गेलेले भरून काढण्यासाठी त्याने उधारीवर साठ हजार लावले. नीतीश कुमार शपथविधीच्या आत बाजू बदलतील यावर. सोमवारी, १० जूनला, हिशेब द्यायचा होता.

त्या पाच दिवसांत तो दुकान अर्धे शटर ओढून बसून असे. ग्राहकांचे फोन नावाच्या चिठ्ठ्या रबराने लावून ट्रेमध्ये तसेच पडलेले होते. ५ जूनच्या सकाळी पाटण्याहून दिल्लीला निघालेल्या विमानात नीतीश कुमार आणि विरोधी आघाडीतले तेजस्वी यादव मागे-पुढे बसल्याचे छायाचित्र सर्वत्र फिरले, तेव्हा तो माझ्याकडे धावत आला आणि म्हणाला, “काका, यायनं पलटी मारली पायजे. मारली त मी मोकळा.” त्याच दिवशी आघाडीच्या बैठकीत पाठिंब्याच्या ठरावावर नीतीश कुमार आणि चंद्राबाबू या दोन्ही नेत्यांच्या सह्या झाल्या, हे मी त्याला दाखवले. ७ तारखेला जुन्या संसद भवनातल्या मध्यवर्ती सभागृहात सगळे एकत्र दिसले, हेही दाखवले. मी कागदावर बेरीज करून दिली की हे अठ्ठावीस खासदार उद्या समजा विरोधी बाजूला गेले तरी त्यांचे २३४ आणि हे २८ मिळून २६२ होतात, म्हणजे तिकडेही दहा कमीच पडतात. त्याला ते पटत नव्हते असे नाही. तो हुशार मुलगा आहे. त्याला ते खरे असायला नको होते.

संपादक महोदय, त्याचे मत मला माहीत आहे, कारण आमच्या गल्लीत ते सगळ्यांना माहीत आहे. २०१४ पासून तो भाजपचा कार्यकर्ता नसला तरी उघड समर्थक आहे. ज्या पक्षाला त्याने २६ एप्रिलला उन्हात रांगेत उभे राहून मत दिले, त्याच पक्षाचे सरकार बनू नये म्हणून तो त्या पाच दिवसांत देवाला हात जोडत होता. मत एका बाजूला आणि पैसा दुसऱ्या बाजूला. त्याहून वाईट गोष्ट मला नंतर त्याच्या आईकडून कळली. त्या दिवसांत तो मिळेल ती अफवा पुढे पाठवत होता. अमुक खासदार हॉटेलात नेऊन ठेवले, तमुक नेत्याने राष्ट्रपतींची वेळ मागितली, असले मजकूर तीन-चार गटांत टाकत होता, कारण अफवेने भाव हलतो, आणि भाव हलला की मधल्या मध्ये सौदा कापून थोडे तरी सोडवता येते, असे त्याला कोणी शिकवले होते. त्या गटांतली माणसे त्या अफवांवरून एकमेकांवर तुटून पडत होती. एका गटात दोन चुलतभावांनी एकमेकांना काढून टाकले. त्यांना वाटत होते की ते राजकारणावर भांडत आहेत. प्रत्यक्षात ते एका मुलाच्या साठ हजारांवर भांडत होते.

अशी मुले देशभर किती असतील, याची मला काळजी वाटते. निकाल स्पष्ट असतो तेव्हा सट्टा त्या दिवशी संपतो. अस्पष्ट असतो तेव्हा तो अस्थिरतेवर जगू लागतो, आणि अस्थिरता लांबावी अशी इच्छा असलेल्या माणसांची संख्या एकाएकी वाढते. हे सगळे देशात ताण नसताना घडते तर मी एवढे लिहिले नसते. पण या महिन्यात आपल्याकडे काय चालले होते ते आठवून पाहावे. मराठवाड्यात मराठा आणि ओबीसी समाजांत निकालानंतर तेढ वाढली होती. ८ जूनला अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांचे उपोषण सुरू झाले आणि १३ जूनला त्यांनी ते स्थगित केले, त्याच दिवशी वडीगोद्रीत लक्ष्मण हाके यांचे सुरू झाले. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल ४ जूनलाच लागला आणि लाखो घरांत संताप उसळला. ९ जूनला दिल्लीत शपथविधी होत असताना जम्मूतल्या रियासी जिल्ह्यात यात्रेकरूंच्या बसवर हल्ला होऊन नऊ जणांचा जीव गेला. मुंबई वायव्य मतदारसंघात निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला आणि त्यावरचा संशयकल्लोळ अजून शमलेला नाही. अशा वेळी लोकांना खरी माहिती आणि थोडा धीर लागतो. ज्याचा पैसा अफवेवर लागलेला आहे तो या दोन्हींच्या विरुद्ध काम करतो, भले त्याच्या मनात तसे काही नसो.

आपल्याला हा अनुभव नवीन नाही. १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचे सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले तेव्हा आम्ही पतसंस्थेत काम थांबवून रेडिओला कान लावून बसलो होतो. २००४ साली काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळाल्या. सरकार कोण आणि कोणाच्या जोरावर बनवणार हे ठरेपर्यंत मध्ये जे दिवस गेले, त्यांतल्या १७ मे रोजी सेन्सेक्स एका टप्प्यावर ८४२ अंकांनी कोसळला आणि व्यवहार दोनदा थांबवावे लागले. शेअर बाजार आणि सट्टा एक नव्हेत, हे मला कळते, आणि गुंतवणूकदाराला कोणी बुकी म्हणू नये. पण यंदा ३ जूनला मतदानोत्तर चाचण्यांच्या आकड्यांवर विसंबून सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर गेला आणि ४ जूनला सुमारे ४,३९० अंकांनी खाली आला, एका दिवसात सुमारे ३१ लाख कोटी रुपयांचे मूल्य घटले, तेव्हा दोन्हींमधली भिंत बरीच पातळ झाली होती. ४ जूनच्या आधी शेअर घ्या, असा सल्ला मे महिन्यात देशाचे गृहमंत्री मुलाखतीत देतात, हे मला उचित वाटले नाही. विरोधी पक्षांनी त्यावर संयुक्त संसदीय समितीची मागणी केली आहे; ती मान्य होवो अथवा न होवो, सत्तेतल्या माणसाने निकालाच्या तारखेशी पैशाचा संबंध जोडू नये एवढे तरी संकेत म्हणून पाळले जायला हवे.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात मांडतो. महाराष्ट्रात जुगाराविरुद्धचा कायदा १८८७ पासून आहे आणि पैज लावणे त्यात येते. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक आहे, म्हणजे जिंकलेल्याला न्यायालयात जाऊन पैसे मागता येत नाहीत. म्हणूनच ही वसुली नेहमी दुसऱ्या मार्गाने होते. ती कशी होते हे शेजारच्या घरी आलेल्या दोन मोटारसायकलींवरून मला कळले आहे, आणि त्याबद्दल अधिक लिहिणे त्या कुटुंबाच्या दृष्टीने योग्य नाही. उद्यापासून, १ जुलैपासून, लागू होणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या अनधिकृत बेटिंगचा समावेश किरकोळ संघटित गुन्ह्यांत केला आहे आणि त्याला एक ते सात वर्षांची शिक्षा ठेवली आहे. दुसरीकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार मतदानाचा शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचणी प्रसिद्ध करता येत नाही. २०१७ साली निवडणूक आयोगाने ज्योतिषी आणि टॅरोवाल्यांचे अंदाजही या काळात देऊ नयेत असे माध्यमांना बजावले होते. मग १९ एप्रिल ते १ जून या सात टप्प्यांच्या काळात, मतदान चालू असताना, फलोदीचे आकडे कसे छापले जातात? जे ज्योतिषाला वर्ज्य ते बुकीला मोकळे, असे का?

मी गावाकडच्या पैजांबद्दल बोलत नाही. निवडणुकीवर भज्यांची, फेट्याची, जेवणाची पैज आमच्या वडिलांच्या पिढीतही लागत असे आणि हरणारा हसत हसत ती देत असे. तरी या वेळी सांगली जिल्ह्यात दोन उमेदवारांच्या समर्थकांनी निकालावर आपापल्या मोटारसायकली लावल्या आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला, ही बातमी वाचली तेव्हा तीही गोष्ट आता कोठे चालली आहे याचा विचार मनात आला. तो गुन्हा योग्यच होता. मात्र पारावरच्या दोघांवर गुन्हा आणि हजारो आयडी वाटणाऱ्यांच्या भावाला वर्तमानपत्रात चौकट, हे प्रमाण मला मान्य नाही.

सट्टा बंद होत नाही तर तो कायदेशीर करून कर लावा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि ते सगळे स्वार्थी आहेत असे मी म्हणणार नाही. २०१८ साली विधी आयोगानेही आपल्या अहवालात, बंदी घालणे जमत नसेल तर नियमन करा, असा विचार मांडला होता. खेळांच्या बाबतीत त्यावर चर्चा होऊ शकेल. निवडणुकीच्या बाबतीत मात्र ब्रिटनकडे पाहावे. तिथे निवडणुकीवर पैज लावणे कायदेशीर आहे, त्यासाठी आयोग आहे, दुकाने आहेत, पावती मिळते. येत्या ४ जुलैला तिथे मतदान आहे, आणि तिथल्या प्रचारातला गेल्या पंधरवड्यातला मोठा वाद असा की पंतप्रधानांच्या संसदीय सहायकानेच, निवडणुकीची तारीख जाहीर होण्याच्या तीन दिवस आधी, निवडणूक जुलैत होईल यावर शंभर पौंड लावले होते. पंतप्रधानांच्या सुरक्षा पथकातल्या एका पोलिसाला अशाच संशयावरून अटक झाली. गेल्या मंगळवारी पंतप्रधानांच्या पक्षाने याच प्रकरणात आपल्या दोन उमेदवारांना दिलेला पाठिंबा काढून घेतला. तिथे पावती होती म्हणून निदान हे उघडकीस आले. आपल्याकडे, जिथे सरकार स्थापनेच्या वाटाघाटी बंद दाराआड चालतात आणि दाराच्या आत चहा नेणाऱ्यालाही कोण रुसले आहे हे दिसते, तिथे आतली बातमी विकत घेणारा बाजार कायद्याने उभा केला तर काय होईल, याची कल्पना मला करवत नाही.

माझी मागणी मोठी नाही. सट्टा बंद करणे हे आपले काम नव्हे, ते पोलिसांचे आहे. सट्ट्याची बातमीही देऊ नये असे माझे म्हणणे नाही. छापे, अटका, बुडालेली घरे, त्यामागचे लोक, हे सगळे अवश्य छापावे, आणि आजच्यापेक्षा जास्त छापावे. फक्त भाव छापू नयेत. आकडा देऊ नये, ‘कौल’ हा शब्द वापरू नये, आणि मतदानपूर्व चाचणीच्या शेजारी फलोदीचा रकाना करू नये. आपल्या दैनिकाने मटक्याचे आकडे कधी छापले नाहीत. मी आपला वाचक पस्तीस वर्षांपासून आहे आणि या गोष्टीचा मला नेहमी अभिमान वाटत आला आहे. निवडणुकीचा आकडा त्या आकड्यापेक्षा वेगळा कसा, हे मला समजावून सांगणारे कोणी भेटलेले नाही.

विधानसभेची निवडणूक चार-पाच महिन्यांवर आली आहे. आपल्या राज्यात दोन पक्षांचे चार पक्ष झालेले आहेत, लोकसभेच्या ४८ जागांमध्ये कोणाही एका पक्षाला १३ च्या वर जाता आलेले नाही, आणि २८८ जागांचा निकाल कसा लागेल हे आज कोणीच सांगू शकत नाही. २०१९ साली निकालानंतर महिनाभर काय झाले ते सर्वांना आठवते. परवा तो मुलगा माझ्याकडे आला होता. मायक्रोस्कोप हप्त्याने परत घेण्यासाठी जामीन राहाल का, असे विचारायला आला होता, आणि मी राहिलो. जाताना त्याने फोन दाखवला. ज्या माणसाने त्याला आयडी दिला होता त्याचा मेसेज आला होता: विधानसभेचे भाव निघाले आहेत, जुनी उधारी त्यातच वळती करून देतो. त्याने तो मेसेज माझ्यासमोर पुसला, आणि त्या माणसाचा नंबरही ब्लॉक केला.

आपला विश्वासू,
पतसंस्थेतील एक सेवानिवृत्त कर्मचारी
अकोला, ३० जून २०२४